पाऊण तासासाठी आठ ब्रेक शू

सोमवार, १६ ऑक्टोबर २०२३
आजपासून रोज लिहिणार. राग वहीत काढायचा, माणसांवर नाही.

बातमी मोठी आहे. सर्जेरावकाकांना खंडेनवमीला झेंडू शनिवार पेठेत न्यायचाय. आमच्या आबांची पिकअप मागितली. चालवणार मी. स्टॉलवर बसणार त्यांची मुलगी हेमा, म्हणजे केबिनमध्ये माझ्या शेजारी हेमा. काका मागे फुलांत बसतील असं धरलंय. धायरी ते शनिवार पेठ, पाऊण तास. सिग्नल लागले तर एक.

अडचण एकच. गाडी २००१ची, पेडल तळाला टेकलं तरी विचार करत थांबते. काका म्हणाले, ब्रेक लागत असतील तरच ये, नाहीतर यज्ञेश्वरचा टेम्पो आहेच. यज्ञेश्वर! केसांना जेल लावणारा माणूस.

मी मेकॅनिकल पाचव्या सेमला सोडलं. ब्रेक चौथ्या सेमला होते. तेव्हा मी हेमाच्या बसस्टॉपवर असायचो, पण पुस्तक घरात आहे.

मंगळवार, १७
नाना पेठ. ओरिजिनल ब्रेक शू मिळाले तरच घ्यायचे. पहिल्या दुकानदाराने मॉडेल विचारलं. सांगितलं. म्हणाला, ही गाडी कंपनी विसरली, तुम्ही कशाला आठवण काढता? दुसऱ्याकडे बॉक्स नवाकोरा, आतला शू गंजका. हा ओरिजिनल का, असं विचारलं. म्हणाला, बॉक्स ओरिजिनल आहे. मी काउंटरवर हात आपटला. काच आधीच तडकलेली होती.

गुरुवार, १९
कालचा बुधवार रागात गेला. आज डोकं चालवलं. दुकानदार हवेतच कशाला? शूवर घासायला जे लायनर असतं, ते बनवणारा कारखानाच गाठायचा. दोन बस बदलून भोसरी. सगळं सामसूम. वॉचमन म्हणाला, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. आधी सांगायला काय झालं, मी म्हटलं. तो म्हणाला, मी शाळेत होतो तेव्हापासून गुरुवारचीच आहे, तुम्ही पुण्याचेच का? परतीची बस पकडली. संयम.

शुक्रवार, २०
शेवटी बजरंगने (गॅरेजवाला, मित्र) जुने शू काढून दिले आणि मैनुद्दीनचाचांकडे पिटाळलं. नाना पेठेच्या एका बोळात चाळीस वर्षं फक्त ब्रेकचं काम. चाचांनी शू वाजवून बघितले. म्हणाले, लोखंड एक नंबर आहे, असलं आता मिळत नाही. यावरच नवं लायनर रिवेट मारून बसवतो, आत रबर किट बदला. मी विचारलं, होलोग्राम असेल ना? चाचा म्हणाले, बाळा, होलोग्रामने गाडी थांबत नाही.

आठही शू कागदात गुंडाळून दिले. वर बजावलं, थेट मेकॅनिककडे जायचं, लायनरला हात लावायचा नाही. माझं कॉलेज सुटल्याचं यांनाही कळलेलं दिसतंय.

शनिवार, २१
हेमा किराणा दुकानात भेटली. सोमवारची तयारी झाली, असं सांगितलं. तिने विचारलं, ब्रेक नक्की लागतात ना? माझ्या जिवाची इतकी काळजी!

रविवार, २२, दुपार
खंडेनवमी उद्या, पण उद्या सकाळी वेळ कुठे? हत्यारांची पूजा आजच उरकली. आठ शू पाटावर मांडले. शेंदूर तेलात कालवून प्रत्येक लायनरवर ठळक स्वस्तिक. वर हळदकुंकू. तेल जरा सढळ घेतलं. हेमा बसणार आहे.

बजरंगने विचारलं, हे लाल काय? पूजा केली, मी म्हटलं. त्याने चप्पल काढून नमस्कार केला आणि शू बसवले.

संध्याकाळी ट्रायल. पेडल कडक. गाडी थोडी उशिरा थांबते. नवीन आहेत, रुळतील.

सोमवार, २३, सकाळी ९
लिहायची इच्छा नाही.

सहाला काकांच्या अंगणात शिरलो. हेमा ओट्यावर उभी. म्हटलं, ब्रेक दिसायला हवेत. जरा वेगात आलो आणि दाबला. पाय थांबला, गाडी नाही. ताडपत्रीवरच्या झेंडूच्या ढिगात घुसलो, पलीकडच्या शेणाच्या उकिरड्याने अडवलं. काका ओरडले नाहीत. खिशातून फोन काढून यज्ञेश्वरला लावला, तेवढंच. हेमा उरलेली फुलं निवडत होती. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, तुम्ही आधी गाडी काढा.

पावणेसातला टेम्पो आला. केबिनमध्ये मधोमध काका, खिडकीशी हेमा.

आत्ता बजरंगकडून एक शू काढून घेतलाय. चाचांकडे चाललोय. आज सोडणार नाही.

दुपारी २
चार गिऱ्हाइकांसमोर चाचांना डुप्लिकेटवाले म्हणालो. त्यांनी शू हातात घेतला, वास घेतला आणि शांतपणे विचारलं, तीळ की खोबरेल?

मग म्हणाले, पूजा जरूर करा, पण चाकाच्या ड्रमला, तीही बाहेरून. लायनरने तेल प्यायलं की ते फक्त घसरतं. सगळी नवी बसवावी लागतील. गिऱ्हाइकं हसली. चाचा हसले नाहीत, ते जास्त लागलं.

मंगळवार, २४, दसरा
सकाळी हेमाचा फोन! तीन रिंग वाजू दिल्या.

तिला मैनुद्दीनचाचांचा नंबर हवा होता. नाव बजरंगने सुचवलं, नंबर माझ्याकडे मिळेल म्हणाला. यज्ञेश्वरच्या टेम्पोचे ब्रेक फार वाजतात, दिवाळीपर्यंत फुलं त्याच्याच टेम्पोतून जाणार, माणूस चांगला हवा, म्हणाली. दिला नंबर. वर माहितगार म्हणून सांगितलं, लायनरला तेल लागू द्यायचं नाही.

ती म्हणाली, ब्रेकला तेल कोण लावेल?

मी म्हटलं, लावतात काही जण.