बादूकडे वारा कसा येतो

४ फेब्रुवारी, रविवार
निश्चय. २ मार्चला पोकुआला मागणी घालायला मुलाकडचे रीतीप्रमाणे दार ठोठावायला येतील, तेव्हा आमचा हॉल धाकट्या भावाच्या, बादूच्या ओसरीपेक्षा गार असेल.

आज ड्वोमोकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, मुलाकडच्यांनी ठोठावायचं ते कोणाचं दार? हा काय प्रश्न झाला? मुलीचा बाप मी. थोरला भाऊ मी. अख्ख्या कुमासी शहरात आमच्या गल्लीसारखी गल्ली नाही आणि त्या गल्लीत समोरून सबंध काच असलेलं घर माझं. पण काका म्हणाले, क्वासी, मागच्या वेळी तुझ्याकडून उठलो तेव्हा खुर्चीसुद्धा घामाघूम झाली होती, बादूकडेच करा. बादूची बायको कोनादू लगेच म्हणाली, भाऊजी, आमची ओसरी काय परकी आहे का तुम्हाला. गोड बोलावं तर तिनेच.

शेवटी काकांनी १ मार्चपर्यंत मुदत दिली. तोवर घर गार झालं तर माझ्याकडे, नाहीतर बादूकडे.

माझ्या घराच्या मागेच बादूने मातीच्या विटांचं घर बांधलं तेव्हा सगळे हसले होते. सुरुवात मीच केली होती. आता तेच सगळे दुपारी त्याच्या ओसरीत शेंगा खात बसतात. माझी बायको सेरवासुद्धा. एसी नाही, काही नाही, तरी गार. मला याचं काही वाटत नाही. फक्त जेवण पचत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
विषय शास्त्रीय पद्धतीने हाताळायचा ठरवलं. थर्मामीटर आणला. आमच्या हॉलमध्ये छत्तीस. विश्वास बसेना. उखळ परत करायच्या निमित्ताने खिशात घालून बादूकडे नेला. तिथे एकोणतीस.
थर्मामीटर बिघडलेला आहे. उद्या बदलून घेणे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
घराला गारव्याची सवय लागायला हवी, म्हणून पहाटेपासून दोन्ही एसी लावले. दुपारच्या आत मीटरमध्ये आगाऊ भरलेले युनिट संपले. खिडक्या उघडाव्यात, तर त्या उघडत नाहीत. अखंड काच आहे, बँकेसारखी. बांधताना मीच हट्ट धरला होता.
सेरवा म्हणाली, अहो, न उघडणाऱ्या खिडक्यांचं घर म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं, आणि आत शिजतोय आपण. मग मुसळ उचलून फुफूसाठी उकडलेले कंद कांडायला बादूकडे गेली. मागोमाग पोकुआ. त्या दोघी रात्रीही तिथेच झोपल्या.
माझ्यासाठी डबा आला. सूप उत्तम होतं. म्हणजे त्या घरात चवसुद्धा चांगली येते.

१७ फेब्रुवारी, शनिवार
आता गाडीतही तेच. बादूची जुनाट गाडी माझ्या गाडीच्या निम्म्या पेट्रोलमध्ये एजिसूला जाऊन येते. कशी, हे मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, दादा, चाकांत हवा नीट भर आणि डिकीतली सिमेंटची पोती काढ, घर बांधून वर्षं झाली. पोती काढणार नाही. कधी लागतील सांगता येत नाही.
हवा मात्र भरली. त्याच्यापेक्षा दुप्पट. पेट्रोल वाचवायला एसी बंद, वारा गाडीला मागे ओढतो म्हणून काचाही बंद. गाडी चेंडूसारखी उडत होती. मागे सेरवाच्या मांडीवर अंडी होती. बाजारात पोचलो तेव्हा ओळखीच्या मासळीवालीने विचारलं, पाऊस कुठे लागला? सेरवाने अंडी तेवढी दाखवली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
बादू स्वतःहून आला. म्हणाला, दादा, तुझ्या छपराला पांढरा चुना मी मारून देतो. वरच्या काचा काढून पट्ट्यांच्या खिडक्या बसवू, वारा आरपार जाईल. आणि ऊन काचेला लागायच्या आत बाहेरच अडव, आत पडदे लावून काय उपयोग.
किती हे प्रेम. पांढरं छप्पर त्याचं आहे. उद्या लोक म्हणतील, थोरल्याने धाकट्याचं बघून केलं. मी म्हणालो, बघू.
रात्रभर विचार केला आणि माझं मला सुचलं, की ऊन बाहेरच अडवायला हवं.

१ मार्च, शुक्रवार
जमलं. कापडवाल्याला फोनवर सांगितलं होतं, रंग कुठलाही असो, पण दुकानातलं सगळ्यात जाड कापड पाठव. दुपारी गठ्ठे आले. संध्याकाळपर्यंत समोरची सगळी काच बाहेरून, छपरापासून जमिनीपर्यंत झाकून टाकली. एक पट्टा लाल, एक काळा. रंग जरा गंभीर आहे. पण मुलीच्या लग्नासारख्या गोष्टीत गांभीर्य हवंच.
थर्मामीटर चक्क तेहतीसवर आला. हा नवा थर्मामीटर चांगला आहे. काकांना फोन केला. ते म्हणाले, बरं बाबा, तुझ्याकडे कर, पण माणसं येईपर्यंत मी बादूकडेच पडतो. सेरवा आणि पोकुआही तिथेच, स्वयंपाकाला. येऊन बघायला एकालाही सवड नाही. जळतात.
रस्त्यावरच्यांना मात्र कदर आहे. समोरच्या म्हाताऱ्याने घर पाहिलं, खांद्यावरचं वस्त्र उतरवलं आणि माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. बादूच्या घराकडे बघून कोणाचे भरले होते?

२ मार्च, शनिवार
लाल-काळं कापड आमच्याकडे कुठल्या घरावर लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरावर. मला काल ठाऊक नव्हतं. काल मला फक्त ऊन दिसत होतं.
मुलाकडच्यांच्या गाड्या दारात थांबल्या. मुलाच्या मामांनी खाली उतरून घराकडे पाहिलं, टोपी काढली आणि सगळ्यांना परत गाडीत बसवलं. सुतकाच्या दारावर कोण ठोठावणार? मी समारंभाचं केंटे वस्त्र नेसत होतो. ते सावरत बाहेर येईपर्यंत गाड्या वळून मागे बादूकडे गेल्या होत्या, कोण गेलं ते विचारायला.
बादूने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. वाटेत सुटलेलं केंटे पुन्हा नेसून मी धापा टाकत पोचलो तेव्हा सगळे ओसरीत बसले होते, त्यांनी आणलेल्या मागणीच्या बाटल्या मांडलेल्या होत्या आणि बोलणी सुरू झाली होती. वारा आरपार वाहत होता. रिकामी खुर्ची एकच, पाहुण्यांच्या रांगेत शेवटची. बसलो.
रीतीप्रमाणे कोनादूने मला पाणी दिलं. बोलणी करायला बादूने बाहेरगावचा एक वाक्पटू आणला होता, तो मला ओळखत नव्हता. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, पाहुणे, इकडे कशासाठी येणं केलंत?
घराच्या काचेबद्दल मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हणालो, उकडत होतं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बादू उठला, मला हात धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि कानाशी म्हणाला, दादा, पोरीला दोनदा विचारून झालंय, तिसऱ्यांदा तू विचार.
बाटली स्वीकारायच्या आधी मुलीला तीनदा विचारायचं असतं, आणि तिसरं उत्तर पक्कं. मी विचारलं, पोकुआ, ही घेऊ का? ती म्हणाली, घ्या बाबा. तिला रडू आलं. मलाही आलं.
तिसरा प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवायचा, हेसुद्धा त्यालाच सुचायचं होतं.