चौथा ठोका

शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९७६

आज शुक्रवारची सुट्टी, कारखान्यातले लूम म्हणजे कापडाचे माग बंद, म्हणून दुपारपासून युसुफभाईच्या टांग्यापाशीच होतो. मागच्या शुक्रवारी कोन गावच्या टांग्यांच्या शर्यतीत त्याची चांदणी तिसरी आली. दर वेळची पहिली घोडी! तेव्हापासून त्यावरून आमची नुसती भांडणं. युसुफभाई स्वतःच म्हणाला, "बुढ्ढी हो गई. विकून टाकतो." आमच्या कारखान्यातला गंगाराम उसळलाच, "म्हातारी न्हाय ती! दम कमी पडतो हाय, चणे घाल."

मी म्हटलं, जरा चालवून दाखव. आणि डोळे मिटले. बिघडलेला लूम आम्ही जॉबर असाच आधी ऐकतो, हात नंतर लावतो. टापांचे तीन ठोके भरीव, चौथा हलका. मागचा उजवा पाय! गंगाराम हसला, "तुला माणसाचं ऐकू येत न्हाय, घोडीचं काय येतंय?"

लागलं मला ते. पण खोटं कुठे आहे? हल्ली शेठसुद्धा एक गोष्ट दोनदा सांगतो. कान गेले तर मी जॉबर कसला?

मग नालबंद आला. त्याच पायातला एक खिळा मांसाला लागलेला निघाला. शर्यतीसाठी हौसेने मारलेली नवी नाल! युसुफभाईने विकायचं नाव पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी तो चांदणीला चालवत माझ्या घरावरून गेला. वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्यातच उभा. चौथा ठोका अजून जरासा हलका आहे. भरेल.

बायको म्हणते, दारातून चार हाका मारल्या. मारल्या असतील. मी चौथा ठोका ऐकत होतो.