चारही रस्त्यांवर बाण

१४ मार्च, दुपार

प्रिय चिऊ,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघी म्हाताऱ्या सुखरूप परत आलो. तुझी आई उन्हाने काळीठिक्कर पडलीय आणि माझे गुडघे संपावर गेलेत. दुकान बंद होतं तेवढ्यात गिऱ्हाइकांनी दाराशी पंक्चर सायकलींची रांग लावून ठेवलीय. एकाचंही काम अजून हातात घेतलेलं नाही. आधी हे पत्र.

फोन का केला नाही म्हणशील. फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि स्पीकर लावायला लावते. सख्खी नसले तरी मावशी आहे तुझी, थोडं एकटीशी बोलायचा हक्क आहे मला.

प्रवास मजेत सुरू झाला. दोन सायकली, आणि तिच्या सायकलीमागे चाकगाडीवर बांधलेला तो लांबलचक सर्फबोर्ड. एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय आजी, इस्त्रीचं टेबल कुठे चाललं?" तुझी आई म्हणाली, "समुद्राला इस्त्री करायला!" तो इतका हसला की मागच्यांनी हॉर्न वाजवून त्याला भंडावून सोडलं.

आमची पद्धत तुला माहीत आहे. ती वावटळ, मी गोगलगाय. ती पुढे सुटते, फाटा आला की रस्त्यावर खडूने बाण काढते, आणि मी मान खाली घालून बाणामागे जाते. आमच्या लग्नांच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. मी कधी नकाशा उघडला नाही, कधी कुणाला रस्ता विचारला नाही.

मग एक फाटा आला आणि तिथे चारही रस्त्यांवर बाण होते.

आधी मला हसूच आलं. वाटलं, या वयातही बाईला थट्टा सुचते. मग खाली उतरून पाहिलं. काही बाण दोन-दोनदा गिरवलेले होते. प्रत्येक रस्त्याने ती थोडी पुढे गेली होती, परत आली होती, आणि दर वेळी माझ्यासाठी बाण काढून गेली होती. मी चुकू नये म्हणून.

ती फाट्याजवळच्या एका पाण्याच्या टाकीमागे सावलीत बसलेली सापडली. मुठीत खडूचा नुसता चुरा. मला पाहून म्हणाली, "गोगलगाये, कुठे जायचंय तेच आठवेना गं मला." आणि लहान पोरासारखी रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

तिथे बसूनच तिने सगळं सांगितलं. तलावावर पोहायला शिकवणं तिने पाठदुखीमुळे सोडलेलं नाही. पाण्यात उतरवलेली मुलं किती आणि बाहेर आली किती, हे तिच्या लक्षात राहीना. घाबरून तिने स्वतःच काम सोडलं. डॉक्टरांकडेही एकटीच जाऊन आलीय. आजार विसरण्याचा आहे आणि तो वाढतच जाणार, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलंय.

"चिऊला सांगायचं नाही," ती म्हणाली. "नवी नोकरी आहे तिची. पुढच्या वर्षी येणारच आहे ना ती? माझी शपथ आहे तुला." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मी परत फिरायचं म्हणत होते, पण ती हट्टाला पेटली. "समुद्रापर्यंत ने मला. आता तू पुढे हो." मग मी पुढे, ती मागे. दर थोड्या वेळाने मान वळवून पाहायची मी. मान अजून दुखतेय.

पाण्यात शिरली मात्र आणि ती पुन्हा पहिल्यासारखी झाली बघ. कुठली लाट धरायची, कुठली सोडायची, सगळं तिच्या अंगाला ठाऊक. बोर्डवर उभी राहिली ती थेट किनाऱ्याला लागेपर्यंत पडली नाही. मी वाळूत वेड्यासारख्या टाळ्या पिटत होते. वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय.

बाहेर आली तेव्हा दम लागला होता, पण चेहरा नुसता फुलला होता. मी टॉवेल पुढे केला. तोंड पुसत ती म्हणाली, "आभारी आहे हं बाई. मला निघायला हवं. माझी पोरगी शाळेतून येईल, आणि घराला कुलूप आहे."

चिऊ, मी तिला म्हणाले, "बसा जरा. येईल ती." अहो-जाहो केलं मी तिला. तिने घाबरू नये म्हणून.

थोड्या वेळाने तिला मी आठवले. ओशाळली, माझा हात धरला तो सोडेचना. पण तेवढा वेळ मी तिच्याशेजारी परकी बाई होऊन बसले होते आणि माझं काळीज फाटत होतं. मी तर नुसती मैत्रीण. तू तिच्या पोटची.

म्हणून शपथ मोडतेय. तिला कळलं तर माझ्याशी बोलणार नाही, न बोलेना का.

पुढच्या वर्षी नको. आत्ता ये. तुझं बालपण ती अजून घडाघडा सांगते. आज तू दारात उभी राहिलीस तर धावत येऊन तुला मिठी मारेल. पुढच्या वर्षी तू कोण म्हणून विचारेल की काय, हे मला सांगता येत नाही. साहेब, रजा, तिकीट, तुझं तू बघ. वाट मात्र बघायला लावू नकोस तिला.

तुझी आई जिला अजून बहुतेक वेळा ओळखते, ती
तुझी मावशी