शेवटचा स्टॉप पिंपळे गुरव

पिंपळे गुरव,
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुमनताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला पत्ता कधी दिला नव्हता, तरी पाकीट ताथवड्याला घरपोच आलं म्हणून चक्रावला असाल. कुठून मिळाला ते सांगते, पण जरा दमानं. ते वाचून तुम्ही बुधवारी यायचंच बंद कराल, अशी मला धास्ती आहे. आणि मला तर आता बुधवारशिवाय करमत नाही.

आधी खुशाली. कालच्या चाकणच्या बसमधल्या धक्क्यांनी माझे गुडघे बोलायला लागलेत. तुमची कंबर काय म्हणते? पण मजा आली हो! आमचे हे वीस वर्षं कंपनीच्या बसने तिथल्या कारखान्याच्या गेटात शिरले, मला त्याचं कधी दर्शन नव्हतं. हे असते तर त्यांना सांगितलं असतं, केवढंसं ते गेट आणि किती तो तुमचा रुबाब!

येईल त्या बसमध्ये चढायचं आणि शेवटच्या स्टॉपवर उतरून चहा प्यायचा, हा तुमचा कायदा मला फार आवडला. हिंजवडीच्या वेळी कंडक्टरने विचारलं, "मावशी, तिकडं काय काम?" तुम्ही म्हणालात, "काम न्हाई म्हणून तर निघालोय!" अख्खी बस हसली. पुढे ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, तेव्हा मी डबा उघडला. तुम्ही माझी दोन धपाटी खाल्लीत आणि तिसरं रुमालात बांधून घेतलंत. मी खिडकीबाहेर बघत बसले होते, आठवतं? डोळ्यांत कचरा गेला म्हणाले. कचरा-बिचरा काही नव्हता.

आता सांगतेच.

तुम्ही नाव विचारलंत तेव्हा मी कस्तुरा सांगितलं आणि आडनाव गिळलं. ताई, मी नागसेनची आई. तुमच्या विजयश्रीची सासू.

पाच वर्षांपूर्वी रजिस्टर लग्नाच्या वेळी आपण एकदाच समोरासमोर आलो, तेही मास्क लावून. मी पेढा पुढे केला. तुम्ही तोंड फिरवून जिना उतरलात. त्यानंतर तुम्ही आमच्या घरी आला नाहीत, लेकीचा फोनही घेतला नाहीत. का, ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. फार लागलं होतं ते मला. खोटं कशाला बोलू?

तुमचा फोटो सूनबाईच्या मोबाईलमध्ये रोज बघते, म्हणून डांगे चौकातून बसमध्ये चढल्या चढल्या तुम्हाला ओळखलं. चांगले दोन शब्द सुनवायचे म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आले. तर तुम्ही शेजारच्या, कानात गाण्याची बोंडं घातलेल्या पोराला "ए बाळा, ऊठ, म्हातारीला बसू दे" म्हणून उठवलंत, आणि स्वतः सरकून मला खिडकी दिलीत. तिथंच माझं सगळं फिसकटलं! पहिला बुधवार योगायोगाचा. पुढचे तीन मी ठरवून आले.

माझ्या नातीचे उद्योग तुम्ही दर वेळी खोदून खोदून विचारता. तिने आईचा माउस तांदळाच्या डब्यात लपवला, तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. म्हणालात, "माझी विजू बी अशीच व्हती." ती विजूचीच आहे हो. आम्रपाली नाव, तीन वर्षांची, हनुवटी थेट तुमची.

काल परतताना तुम्ही हळूच बोललात, "नातीचं तोंड पाह्यलं न्हाई मी. आमच्या ह्यांचा राग कवाच गेला, माझाच अडकून बसलाय. आता कंच्या तोंडानं जाऊ?" त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण तुम्ही पुढच्या स्टॉपला उतरून गेला असता तर?

घरी नागसेनला, विजयश्रीला अजून काही बोलले नाही. पत्ता सूनबाईच्या जुन्या कागदांवरून उतरवला. ती विचारते, "आई, हल्ली डबा दोघींचा कशाला?" काय सांगू तिला?

येत्या बुधवारी दहा वाजता मी डांगे चौकात आहे. फसवलं म्हणून राग आला असेल तर तिथं येऊन भांडा. विहिणी आहोत, आपला हक्कच आहे तो. पण या. ह्या वेळी येईल ती बस नाही घ्यायची, शेवटचा स्टॉप मी ठरवलाय, पिंपळे गुरव. बुधवारी विजयश्री घरूनच काम करते. आम्रपालीला एवढंच सांगितलंय की बसमधली आजी येणार आहे. कुठली आजी, ते तिला तुम्हीच सांगा.

पेढे आणून ठेवलेत.

वर नमस्कार लिहिला, तो तुम्ही पहिल्याच ओळीला पत्र मिटू नये म्हणून. आमच्या घरी लिहितात ते आता लिहिते.

सप्रेम जय भीम.

तुमची चार बुधवारांची मैत्रीण
आणि पाच वर्षांची विहीण,
कस्तुरा