तोंड नसलेले स्पीकर

शिरूर, २ सप्टेंबर १९९८

ती. सौ. धनश्रीवहिनीस,
मल्हारचा शि. सा. न. वि. वि.

कांद्याच्या टेम्पोत घालून पाठवलेले दोन स्पीकर पोचले असतील. टेम्पोवाला न्हावऱ्याचा, बोलबच्चन आहे, पण सामान नीट नेतो. मागं त्यानं एक आख्खी शेळी टपावर बसवून नेली होती, ते जाऊ द्या.

स्पीकर मी स्वतः केलेत. खापराचा पाइप उभा, त्यावर स्पीकर आढ्याकडं तोंड करून, आन् त्याच्यावर टोक खाली केलेलं पत्र्याचं नरसाळं. आवाज वर जातो, नरसाळ्यावर आपटतो आन् चहूकडं पसरतो. याला पुढा न्हाई, पाठ न्हाई. खोलीत कुठंही बसा, सारखंच ऐकू येतं. मी कामाला आहे त्या दुरुस्ती दुकानाचे मालक सुभानचाचा म्हणाले, गाणं न्हाई वाजलं तर पाण्याची टाकी म्हणून विकू.

ठेवायचं तेवढं ध्यानात घ्या. भिंतीला टेकवायचे न्हाईत, कोपऱ्यात तर नकोच. भिंतीशी एक खाट मावेल एवढी जागा सोडा. वर काही ठेवू नका, तुमचा क्रोशाचा रुमालसुद्धा न्हाई.

दिवाळीला मी कायमचा येतोय. पुढची खोली मल्हारची, हा आप्पांचा शब्द आहे. दिवसा तिथं रेडिओ-टेपचं दुरुस्ती दुकान, रात्री तिथंच पथारी. गिऱ्हाइकाला हेच स्पीकर ऐकवायचे. पाबळला वर्षभर शिकून झालं, कारेगावला पॅकिंगच्या कामावर एका खोलीत आठ जणांत झोपून झालं. आता खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागणार न्हाई अशा जागी राहायचंय.

मोठ्यांना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा मल्हार


दौंड, ११ सप्टेंबर १९९८

चि. मल्हारभावजींस,
धनश्रीचे अ. उ. आ.

सामान पोचलं. तुमच्या दादांनी दोन्ही स्पीकर गरागरा फिरवून तोंड शोधलं. सापडेना तेव्हा म्हणाले, पोराकडनं तोंड करायचंच राहिलं. मग टेम्पोवाल्यानं घरच्या टेपला तारा जोडून दिल्या आन् ह्यांनी दोन कोपऱ्यांत दोन ठेवून दिले. आवाज असा की कणगीत बसून कुणी भजन म्हणतंय. नुसती घरघर, शब्द एक कळेना. वरून हे म्हणाले, वर्षभर शिकून हे केलं.

परवा हे पाटसला गेले तेव्हा मी तुमचं पत्र वाचत वाचत दोन्ही ओढून मधोमध आणले. भावजी, खरं सांगते, मी चुलीपाशी होते आन् आप्पा दारात. टाळ डावीकडं, पेटी उजवीकडं, आन् बाई गाते ती जणू आमच्या दोघांच्या मधी उभी. भाकरी परतायची राहिली. रेल्वेच्या इंजिनापाशी नोकरी करून आप्पांचा उजवा कान गेलाय, तुम्हाला ठाऊकच आहे. कायम डावा कान पुढं करून बसतात. त्या दिवशी मान सरळ ठेवून ऐकलं. मला म्हणाले, पोरगं भटकलं पण वाया न्हाई गेलं.

संध्याकाळी ह्यांना त्यात ठेच लागली. पुन्हा कोपऱ्यात गेले.

दारात विटा येऊन पडल्यात. कशाला विचारलं तर म्हणाले, तुझं काम न्हाई. तब्येत सांभाळा, वेळेवर जेवा.

तुमची वहिनी


शिरूर, १५ सप्टेंबर १९९८

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आप्पांचं वाचून दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. चाचांच्या घरच्या शिरीनचाचींनी तर वरून खारी दिली.

कोपऱ्यात दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात, म्हणून ती घरघर. दादाला म्हणावं, मधी ठेवले की ठेच लागते, बाजूला ठेवले की कान जातात, काय ते ठरव. पत्रा वर खणखणत असेल तर एका भिंतीवर जाड गोधडी टांगा. माझी जुनी, बिबट्यासारख्या ठिपक्यांची. तिला भोकं आहेत, चालतील.

विटांचं मला कळलं. दुकानाला काउंटर बांधतोय ना दादा? वरून शिव्या, आतून माया. त्याला सांगू नका मी ओळखलं म्हणून, लाजेल. फक्त आपल्याच मनचं म्हणून सांगा, काउंटर दाराशी घ्यायचा, खोलीचा मधला भाग मोकळा पाहिजे.

सुभानचाचांना सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंतच आहे. माझ्या जागी त्यांनी दुसरा माणूस बघितला.

आपलं समजून घ्यावं.

मल्हार


दौंड, २० सप्टेंबर १९९८, सर्वपित्री

चि. मल्हारभावजींस,
अ. उ. आ.

काउंटर न्हाई, भावजी.

पुढच्या खोलीच्या मधोमध भिंत घातली. रस्त्याकडची बाजू ह्यांच्या ओळखीच्या बापूसाहेबांना एसटीडी बूथसाठी भाड्यानं दिली, दहा वर्षांच्या करारावर. मी म्हणाले, पितृपंधरवड्यात कुणी काम काढत न्हाई. हे म्हणाले, हे कुठं शुभकार्य आहे, आडवी भिंत तर घालायचीय.

तुमचं नाव मी काढलं. हे म्हणाले, त्याला आख्खा जिल्हा पडलाय, वर्षावर कुठं टिकलाय का तो. आप्पांनी शब्दाची आठवण केली. ह्यांनी विचारलं, म्हातारपणी भाकर कोण घालतं, शब्द देणारा की शब्द घेणारा. घर आप्पांच्या नावावर, ते उठून करारावर सहीला गेले. पेन मीच शोधून दिलं, तेही सांगते.

उरलेल्या बोळात दोन्ही स्पीकर भिंतीला चिकटून आहेत. लावून बघितले. आवाज तोंडावर येतो, मागं कुठं जायला जागाच न्हाई. आप्पा पुन्हा कान पुढं करून बसले, मग बंद कर म्हणाले.

चाचांना विचारा, तुम्हाला कामावर ठेवून घेतात का. माझ्यावर राग धरा, पण लिहायचं सोडू नका.

वहिनी


दौंड, २९ सप्टेंबर १९९८

चि. मल्हारास,
मच्छिंद्रचे आशीर्वाद.

तुझ्या वहिनीनं रडारड करून लिहिलंच असेल. घर चालवणाऱ्याला सगळं बघावं लागतं. तुझे भोंगे बापूसाहेबांना पसंत पडले. बूथवर गाणी लावायला मागतात. इथं नुसती अडगळ आहे, म्हणून दिले. तारा कशा जोडायच्या ते त्यांना कळत न्हाई. दिवाळीत चार दिवस ये आन् जोडून दे. पाहुणेरावळे आहेत, पण ओट्यावर तुझी खाट टाकू. थंडी फार न्हाई.

मच्छिंद्र


शिरूर, ४ ऑक्टोबर १९९८

रा. रा. मच्छिंद्रदादा यांसी,
सा. न. वि. वि.

मी येत न्हाई. चाचांकडचा नवा माणूस चांगला आहे, त्याला काढा असं मी म्हणू शकत न्हाई. कारेगावला पुन्हा पॅकिंगचं काम धरलंय.

तारा सोप्या आहेत. लाल ती लाल, काळी ती काळी. एकीकडं उलट जोडली तर आवाज पोकळ होतो, तेवढं जप. बूथ आन् गिऱ्हाइकांचा बाक सोडून मधी ठेवायला सांग. भिंतीपलीकडं जागा आहे, तिथं ते चांगले वाजतील. बापूसाहेबांकडून त्याचं काही घेऊ नकोस.

एकच कर. आप्पांना रोज संध्याकाळी बापूसाहेबांच्या बाकावर घटकाभर बसू द्यायला सांग. कुठल्या बाजूला बसले तरी चालतं, दोन्हीकडं सारखंच ऐकू येतं. कुणी फोनला आलं तर ते उठून उभे राहतील. माझ्या खोलीचं भाडं म्हणून एवढं मला मिळावं.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांनी नुसतं पेन शोधून दिलं.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

मल्हार