पाठीवरचं बिऱ्हाड

४ मार्च
जंगलातून परतून तीन आठवडे झाले. नवऱ्याशी अबोल्यालाही तीनच! दुर्बिणीला जागा हवी म्हणून ह्याने मला न विचारता बॅगेतून मच्छरदाणी काढून ठेवली. ‘तिकडे डास नसतात गं.’ मला डासांनी फोडून काढलं. ह्याला एकही चावला नाही. आता मी बोलणार नाही म्हणजे नाही.

७ मार्च
पाठीत गळू. बरोब्बर मधोमध, हात पोचत नाही तिथे! आई फोनवर — ‘शेक घे.’ देणार कोण?

९ मार्च
गळू हललं. शपथ! पोस्टात पाकिटावर शिक्का मारताना आतून कुणीतरी चिमटा काढला. मी ‘आई गं!’ करून किंचाळले. खिडकीपुढचे आजोबा ‘राहू दे, उद्या पाठवतो’ म्हणत पळाले.

१० मार्च
डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं आणि उडाल्याच. ‘अहो, आत अळी आहे!’ तिकडच्या जंगलातली कुठलीशी माशी डासाच्या अंगावर अंडी चिकटवते. डास चावला की अळी आपल्या कातडीत शिरते, भोकातून श्वास घेते. विंचवाचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर — माशीचं माझ्या! भोकावर व्हॅसलीन थापायचं. गुदमरून वर सरकली की उद्या डॉक्टरीणबाई चिमट्याने ओढणार. ‘लावायला घरी कुणी आहे ना?’ म्हटलं, आहे.

घरी उलथन्याने लावून पाहिलं. सगळं वेणीला. शेवटी फ्रिजवर चिठ्ठी — ‘पाठीत अळी आहे. डासामुळे.’

हा पांढराफटक. ‘दाखव.’ जवळजवळ चार आठवड्यांतला पहिला शब्द! व्हॅसलीन लावलं, मग दुर्बीण उलटी धरून पहाऱ्याला बसला. ‘आली! अगं, आली! — गेली. — परत आली!’ मला हसू आवरेना.
‘हसू नकोस, लाजते ती!’

११ मार्च
निघाली. शेंगदाण्याएवढी, अंगभर काटे. हा माझा हात धरून उभा होता. चक्कर ह्यालाच आली!

१५ मार्च
जखम भरली. घर पुन्हा गप्प. चहा, पेपर, ‘हं.’ मच्छरदाणीचं नाव कुणी काढत नाही. अळी होती तेव्हा बरं होतं, असं वाटतं — कमाल आहे माझी!

१६ मार्च
सकाळी हा शर्ट काढून माझ्याकडे पाठ करून उभा. ‘बघ गं जरा. मलाही आत काहीतरी हलल्यासारखं वाटतंय.’
नीट पाहिलं. काही नाही. साधी पुळीसुद्धा नाही.
‘हलू नकोस,’ मी म्हटलं. ‘व्हॅसलीन आणते.’