पेडलवरचे लाकडी ठोकळे

प्रिय ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. ज्या घरातून तुम्ही गेलात त्याच घरात मी लग्न होऊन आले. आता मला एक पोरगी आहे, नुकती चालायला लागलीय. रागानं पत्र फाडू नका, आधी वाचा. शाळा माझी लवकर सुटली, म्हणून बोलते तसंच लिहितेय.

तुमची पांढरी गाडी तयार झाली. मी आले तेव्हा ती मागच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. चाकं नाहीत, पत्रा गंजलेला, सीटच्या कापसात उंदरांचा संसार. हे म्हणाले, ही साधीसुधी गाडी नाही, हिच्यात बसून मी डोंगररस्त्याची शर्यत मारलीय. हॉलमध्ये तो मोठा फोटो आहे ना, हेल्मेट, गॉगल, मागे धुरळा. कुणी आलं की हे फोटोखाली उभे राहतात आणि शेवटचं वळण कसं कापलं ते हातवारे करून सांगतात. दर वेळी वळण जास्तच अवघड होतं. मीही तोंड उघडं टाकून ऐकायची. म्हटलं, नशीब काढलं आपण.

गाडी आम्ही उभी केली, असं हे सगळ्यांना सांगतात. पत्रा घासला मी. पोट पुढे आलेलं, तरी पॉलिश पेपर ओला करून करून घासला, बोटांची सालं गेली. सीटची कव्हरं माझ्या मशीनवर मी शिवली, कडेला लाल गोट लावून. हे खुर्ची टाकून बसायचे. 'हळू घास गं, तुझं अख्खं माहेर विकलं तरी असा पत्रा येणार नाही.' तुमचा विषय निघाला की म्हणायचे, 'ती? तिला सायकल धड येत नव्हती. डोक्यानं अर्धी होती.' मी ते खरं धरलं, ताई. कधी जेवण खारट झालं, कधी उत्तर उशिरा दिलं म्हणून हात उचलायचे, तेव्हाही वाटायचं की चुकलं असेल आपलंच.

मागच्या महिन्यात रंगाचा शेवटचा हात मारला. रंग ओला होता आणि पोरगीनं दारावर दोन्ही पंजे उमटवले. हे ओरडले नाहीत. शांतपणे तिला उचललं, डिकीत ठेवलं आणि झाकण लावलं. किल्ली खिशात. 'शिकेल,' म्हणाले. आतून ती रडत होती, मी पाया पडत होते, आणि हे फडक्यानं दार पुसत होते. मग आतलं रडणं थांबलं. ते थांबलं तेव्हा माझं काय झालं, ते मला लिहिता येत नाही. माझी किंकाळी ऐकून फिटरकाका पान्हा टाकून धावत आले. तुम्ही ओळखता त्यांना, गाडीचं सगळं काम पहिल्यापासून तेच बघतात. त्यांना बघितल्याबरोबर ह्यांचा चेहरा पडला. 'अहो, गंमत चालली होती,' म्हणत लगेच झाकण उघडलं. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस देवाला भीत नाही, पण चारचौघांना भितो. आणि त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याला 'अहो' म्हणायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर फिटरकाकांनी मला त्यांच्या पेटीतून लाकडाचे तीन ठोकळे काढून दाखवले. तुमच्याबद्दल म्हणाले, 'हे पेडलवर मीच बसवले होते. पोरीचा पाय पोचत नव्हता. शर्यत तिनं मारली, हा तर खाली चढालाच ओकत बसला होता. गाडी तिच्या वडिलांनी घेतलेली, अजून तिच्याच नावावर आहे.' मी हॉलमध्ये जाऊन फोटो परत बघितला. हेल्मेट स्टिअरिंगच्या जेमतेम वर दिसतं. आमचा हा खांब त्यात बसला असता तर गुडघे कानाला लागले असते! ताई, इतकी वर्षं मी रोज तो फोटो पुसत होते, म्हणजे तुमचाच चेहरा पुसत होते.

मला भीती वाटते. फोन त्याच्याकडे असतो. मी जाते म्हटलं तर म्हणतो, 'जा की, पोरगी इथेच राहील.' गाडीचं कौतुक एकदा होऊन जाऊ दे, मग तुझ्याकडे बघतो, असंही म्हणालाय.

म्हणून हे पत्र फिटरकाकांच्या हाती देतेय. येत्या रविवारी सकाळी मोठ्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. गाडी टेम्पोवर चढवून काकाच नेणार, ठोकळे तिथेच बसवून ठेवणार. परीक्षकांना इंजिन ऐकवायचं असतं, म्हणून किल्ली गाडीतच असते. हा स्टेजवर माईक घेऊन शर्यतीची गोष्ट सांगेल, सगळं गाव ऐकत असेल. तेव्हा तुम्ही या आणि आपल्या गाडीत बसा. शेजारच्या सीटवर मी बसलेली असेन, मांडीवर पोरगी. पुढे कुठेही सोडा, काम करून पोट भरीन. पण ताई, लगेच पळवू नका गाडी. आधी स्टेजसमोरून एक फेरी मारा, अगदी सावकाश, लोकांनी त्याच्याकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीनं बघावं इतकी सावकाश. मला नुसतं सुटायचं नाहीये. त्याचं तोंड बघायचंय.

वाट बघणारी, तुमचीच,
तुमच्या मागून त्या घरात आलेली